पाखरांच्या वाटेवरचा मुसाफिर : डॉ. सलीम अली



स्मरणिकेत थोरामोठ्यांची चरित्रे वाचण्याची आपल्याला सवय आहे. ही माणसे बहुधा लहानपणापासूनच हुशार असतात, वर्गात पहिली येतात आणि बक्षिसे मिळवतात. ते वाचून आपण आपल्या मुलांकडे पाहतो आणि मनातल्या मनात खट्टू होतो. म्हणून यंदा मी मुद्दाम निराळी हकीकत सांगणार आहे. हा मुलगा मॅट्रिक कसाबसा पास झाला. कॉलेज त्याने अर्ध्यावर सोडले. धंद्यात घातले तर तिथेही त्याचे लक्ष लागले नाही. तिशीच्या उंबरठ्यावर मिळालेली नोकरी चार वर्षांत गेली. असा तरुण आपल्या मोहल्ल्यात असता तर चारचौघांत त्याच्याबद्दल काय बोलले गेले असते, ते आपण सर्व जाणतो. पण याच मुलाला पुढे साऱ्या जगाने पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली म्हणून ओळखले.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. या यतीम मुलांना मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मुमानी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीच्या घरी वाढवले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. आईबापांची उणीव त्यांनी कितपत भरून काढली असेल हे आपण मुलाच्या पुढच्या आयुष्यावरून ओळखावे.

मामू शिकारीचे शौकीन होते. सलीमच्या हातीही छऱ्याची बंदूक आली होती आणि घराच्या आसपासच्या चिमण्या टिपण्यात त्याचा वेळ जाई. दहा-बारा वर्षांचा असताना एके दिवशी त्याने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मग हे पाखरू खाण्यास चालेल की नाही, अशी रास्त शंका त्या मुलाला आली. त्याने चिमणी मामूंना दाखवली. मामूंनाही ती ओळखता आली नाही. आता इथे जरा थांबा आणि विचार करा. मूल आपल्याला काही विचारते आणि आपल्याला उत्तर येत नाही, तेव्हा आपण काय करतो? बहुतेक वेळा त्याला गप्प करतो. अमीरुद्दीन मामूंनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीच्या मानद चिटणिसांच्या नावे चिठ्ठी दिली आणि मुलाला तिकडे धाडले.

चिटणीस होते डब्ल्यू. एस. मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. गोऱ्या साहेबाच्या दारात जाताना त्या काळच्या हिंदी मुलाचे पाय लटपटले असतील, यात नवल नाही. पण मिलर्डसाहेबांनी चिमणी लगेच ओळखली, तिचे नाव सांगितले आणि कपाटाचे खण उघडून भुसा भरून जतन केलेले पक्षी एकामागून एक मुलासमोर मांडले. आपल्या देशात इतक्या तऱ्हेची पाखरे आहेत हे त्याला त्या दिवशी कळले. पुढे त्यांनी त्याला पुस्तके दिली आणि पक्ष्यांचे नमुने जतन कसे करावेत हेही शिकवले. सलीम अलींनी म्हातारपणी, १९८५ साली, आत्मचरित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या नावात त्यांनी त्या चिमणीलाच जागा दिली.

पण मित्रांनो, छंद लागला म्हणून आयुष्य सुरळीत झाले असे मुळीच नाही. तेराव्या वर्षी डोकेदुखीने इतके सतावले की शाळा बुडवून सिंधमध्ये नातेवाइकांकडे हवापालटासाठी जावे लागले. १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा पास झाली, पण ती जेमतेम. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिल्याच वर्षी अभ्यास जड जाऊ लागला. मग घरच्यांनी त्यांना ब्रह्मदेशात तवॉय येथे, घरच्या वुल्फ्रामच्या खाणीचे व लाकडाचे काम पाहण्यास पाठवले. तिथे भोवताली घनदाट जंगल. खाणीचा हिशेब पाहण्यापेक्षा जंगलात पाखरे पाहण्यातच त्यांचा वेळ अधिक गेला असे म्हणावे लागेल. १९१७ साली ते परतले, व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण घेऊ लागले आणि सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या सल्ल्यावरून बरोबरीने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला.

पदवी नसल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, ती पदवीअभावी मिळाली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण थोर माणसे नापास होतात म्हणून आपणही अभ्यास सोडावा असा सोयीस्कर अर्थ काही विद्यार्थी काढतात. सलीम अलींनी तसा अर्थ काढला नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना जागा मिळाली. आपले ज्ञान अपुरे आहे हे लक्षात येताच १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या विद्वानाच्या हाताखाली शिकले. हेल्गोलँड बेटावर पाखरांच्या पायांत कडी घालून त्यांचा प्रवास कसा शोधतात, तेही त्यांनी पाहून घेतले.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने मायदेशी आले, तर पैशांअभावी म्युझियममधील त्यांची जागाच रद्द झालेली. वय चौतिसाच्या घरात, नोकरी नाही, पदवी नाही. अशा वेळी माणूस कुढत बसतो किंवा दारोदार हिंडतो. सलीम अली आणि तेहमिना बेगम मुंबई सोडून अलिबागजवळ किहीमला राहण्यास गेले.

किहीम आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नारळी-पोफळीच्या वाड्या, समोर दर्या आणि पावसाळ्यात चहूकडे हिरवेगार. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पाऊस सुरू झाला की सुगरणीची घरटी बांधण्याची लगबग सुरू होते. आपण ही लोंबती घरटी लहानपणापासून विहिरीकाठच्या बाभळीवर पाहतो. त्यांत पाहण्यासारखे आणखी काय असणार? पण बेकार झालेला हा माणूस वही घेऊन रोज त्या घरट्यांपाशी तासन्‌तास बसू लागला. कोणता पक्षी केव्हा आला, कोणी कोणते घरटे कुठवर विणले, मादी केव्हा आत शिरली, हे सर्व तो टिपत राहिला.

आणि काय निघाले? आपण मराठीत या पाखराला सुगरण म्हणतो, जणू घर बांधणारी मादीच. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. तो घरटे अर्धे बांधून ठेवतो. मग माद्या येतात, आत-बाहेर करून घर पारखतात. मादीने घर पसंत केले तर ती तिथे नांदू लागते आणि नर खालची नळी विणून घर पुरे करतो. ते झाले की तो दुसऱ्या घरट्यास हात घालतो आणि दुसरी मादी येण्याची वाट पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर हे चालले होते, पण ते इतक्या बारकाईने उकलून दाखवले ते किहीमच्या त्या पावसाळ्यात. सलीम अलींनी हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही की पगार लागला नाही. एक वही, एक झाड आणि पुष्कळ सबुरी एवढेच भांडवल होते.

याच सबुरीच्या बळावर त्यांनी उपजीविकेची निराळी वाट काढली. त्यांनी संस्थानिकांना कळवले की, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च दिल्यास मी तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी मेहनताना न घेता करून देतो. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ असा हा प्रवास चालला. दिवस उजाडण्यापूर्वी बाहेर पडावे, मैलोगणती चालावे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहाव्यात. तेहमिना बेगम मोहिमांवर बरोबर असत. विलायतेत शिकलेल्या त्या बाईंनी तंबूतला संसार हसतमुखाने केला. त्यांचे इंग्रजी उत्तम होते आणि नवऱ्याच्या लिखाणावर त्यांचा हात फिरे.

ऋतूंशी या माणसाचे नाते कसे होते पाहा. पावसाळ्यात सुगरण. पाऊस ओसरला की उत्तरेकडून आलेले धोबी म्हणजे परीट पक्षी, मागोमाग बदके आणि चिखलात टिपणारे लांब पायांचे पाणपक्षी. माघ-फाल्गुनात सावर आणि पांगारा फुलले की त्यांवर मधासाठी जमणारी साळुंक्या-बुलबुलांची गर्दी. फुलातला मध पिताना ही पाखरे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला कसा पोहोचवतात यावरही त्यांनी लेखन केले. आपल्याला वर्षात तीन ऋतू भासतात, तेही छत्री, स्वेटर आणि पंख्यावरून. त्यांच्यासाठी दर पंधरवड्याला रान निराळे असे.

१९३९ च्या जुलैत त्यांच्यावर घाला आला. साध्याशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम अल्लाला प्याऱ्या झाल्या. एकवीस वर्षांची सोबत संपली. मूलबाळ नव्हते. यानंतर ते बहीण व मेव्हण्यांच्या घरी राहू लागले. या दुःखातून ते कसे सावरले असतील? बाहेरून दिसते ते इतकेच की त्यांनी चालणे थांबवले नाही आणि वही मिटली नाही. दोनच वर्षांत, १९४१ साली, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील रंगीत चित्रांचे पुस्तक बाहेर पडले आणि सामान्य माणसाला पाखरांची ओळख करून घेण्याचा दरवाजा उघडला. आज देशभर जे लोक सकाळी दुर्बीण घेऊन निघतात, त्यांच्यापैकी कित्येकांची सुरुवात याच पुस्तकापासून झाली आहे. दुःख विसरावे म्हणून आपण गर्दीत जातो. काही जखमांवर मात्र मोकळ्या हवेत मुकाट्याने चालणे हाच उतारा असतो.

याच सुमारास त्यांना एक जिवलग दोस्त मिळाला. लोके वान थो हे त्याचे नाव. सिंगापूरचा हा तरुण श्रीमंत व्यापारी. १९४२ साली जपान्यांनी सिंगापूर घेतले तेव्हा तो जहाजाने निसटला. त्या जहाजावर बॉम्ब पडले. तो भयंकर भाजला आणि काही काळ त्याचे डोळे जवळजवळ गेले. जगला-वाचला तो हिंदुस्थानात आला आणि सलीम अलींच्या संगतीत पडला. ज्याचे डोळे जाता जाता वाचले, त्याने पुढचे आयुष्य पाखरांची छायाचित्रे घेण्यात घालवले, हा योग तुम्हीच पाहा.

आजच्या मुलांना छायाचित्र म्हणजे बोट टेकवण्याएवढे सोपे वाटते. त्या काळी पाखराचे छायाचित्र घेणे म्हणजे तपश्चर्या होती. घरट्यापासून काही अंतरावर कापडाचे लपण उभारायचे. पाखराला त्याची सवय व्हावी म्हणून ते रोज थोडे थोडे जवळ सरकवायचे. घरटे उंच असेल तर तेवढीच उंच माची बांधायची. मग आत कॅमेरा घेऊन, घामाने निथळत, हालचाल न करता बसून राहायचे. पाखरू येईल तेव्हा येईल, आणि कदाचित येणारही नाही. कच्छ, काश्मीर, सिक्कीम अशा मुलखांत हे दोघे हिंडले. एकाने वहीत टिपावे, दुसऱ्याने कॅमेऱ्यात. लोकेने सलीम अलींच्या कित्येक मोहिमांना पदरचा पैसाही दिला. १९५७ साली त्याने आपल्या छायाचित्रांचे पुस्तक काढले. सलीम अली स्वतः बंदुकीच्या जमान्यातले. अभ्यासासाठी पक्षी मारून नमुने जमवणे त्यांना आवश्यक वाटे. पण पाखराला इजा न करता त्याला कायमचे जपून ठेवता येते, हे या दोस्ताच्या कॅमेऱ्याने दाखवले. २० जून १९६४ रोजी तैवानमध्ये विमान कोसळून लोके आणि त्याची पत्नी मरण पावले. सलीम अलींनी हेही दुःख सोसले आणि पुन्हा वाट धरली.

पुढचा इतिहास सुखाचा आहे. स्वातंत्र्यानंतर पैशांअभावी नॅचरल हिस्टरी सोसायटी बंद पडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकून ती वाचवली. हेल्गोलँडला शिकलेली विद्या त्यांनी भरतपूरच्या पाणथळीत कामी आणली. तिथे हजारो पाखरांच्या पायांत मुंबईचा पत्ता कोरलेली कडी चढली. त्यांतली काही कडी दूर रशियात सापडली आणि आपल्या तळ्यांवरचे हिवाळी पाहुणे कुठून येतात, ते पुराव्यानिशी कळले. डिलन रिप्ली या अमेरिकन पक्षितज्ज्ञाबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा १० खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी उतारवयात आवाज उठवला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेवर नियुक्ती असे मानसन्मान चालत आले. वन्यजीवरक्षणाच्या कार्यासाठी मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्याची रक्कम त्यांनी आपल्या सोसायटीच्या कार्यास देऊन टाकली. आणि ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली, त्याला १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्मानाने डॉक्टरेट दिली. १९८७ साली, वयाच्या ९१ व्या वर्षात, मुंबईतच त्यांचा इंतकाल झाला.

वाचकहो, मी एक साधा शिक्षक आहे. सलीम अलींना पाहण्याचे भाग्य मला लाभले नाही. पण त्यांच्यामुळे माझ्या हातून एक छोटीशी गोष्ट घडली. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांना मी भूगोलाच्या तासाला शाळेमागच्या विहिरीवर नेले आणि सुगरणीची घरटी दाखवली. पंधरा मिनिटे कोणी बोलायचे नाही, फक्त पाहायचे, एवढाच नियम. पहिली पाच मिनिटे मुलांनी एकमेकांना ढोसण्यात घालवली. मग हळूहळू शांतता पसरली. वर्गात एक मुलगा असा होता की, त्याचे अब्बा आखातात वारल्यापासून तो कोणाशी बोलत नसे. परत येताना तो माझ्याजवळ आला आणि तीन घरटी अर्धवटच का आहेत, असे त्याने विचारले. तो पहिल्यांदा आपण होऊन माझ्याशी बोलला होता. त्याच संध्याकाळी एका पालकांनी मला थांबवून, तास बुडवून मुलांना पाखरे कसली दाखवता, अशी तक्रार केली. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. मुलाच्या गुणांची काळजी कोणाला नसते? पण त्या मुलाचा तो प्रश्न मला कोणत्याही गुणपत्रिकेहून मोलाचा वाटला. पुढे तो रोज मधल्या सुट्टीत विहिरीवर जाऊ लागला. आज तो नववीत आहे. वर्गात बोलतो, हसतो, आणि त्याच्या वहीत एका बाभळीचे दोन वर्षांचे सारे ऋतू आहेत.

म्हणून माझी आपणास एवढीच विनंती. मुलाला क्लास लावा, अभ्यास घ्या, पदवीपर्यंत शिकवा, कारण पदवीविना दारे बंद होतात हे सलीम अलींनीही सोसले आहे. पण आठवड्यातून एक सकाळ त्याच्यासाठी मोकळी ठेवा. घराजवळचे एखादे झाड, तळे किंवा खाडीचा काठ निवडा आणि वर्षभर त्याच जागी जा. आज जवळजवळ प्रत्येक घरात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. मुलाला त्याने गाणी पाहू न देता महिन्यातून एकदा त्याच झाडाचे छायाचित्र, त्याच जागेवरून घेऊ द्या. बारा महिन्यांची बारा छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवलीत की झाड किती बदलले ते दिसेल, आणि मूल किती बदलले तेही तुमच्या लक्षात येईल. घरट्याला हात लावू नये आणि पिल्लांच्या फार जवळ जाऊ नये, एवढे मात्र त्याला बजावा.

आणि त्याने एखादे अनोळखी पाखरू दाखवून नाव विचारले, आणि ते तुम्हाला ठाऊक नसेल, तर रागावू नका. अमीरुद्दीन मामूंनाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तुम्ही त्याला आमच्याकडे शाळेत पाठवा. आम्हालाही ठाऊक नसेल, तर आपण सगळे मिळून शोधू.